मोत्यांचा गालिचा आणि तांदळाची खीर

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना दोहा ठाऊक असतं ते विमान बदलायचं ठिकाण म्हणून. मुंबईला जाताना मध्ये तीन-चार तास थांबायचं, विमानतळावरच्या त्या अवाढव्य पिवळ्या अस्वलासमोर मुलांचे फोटो काढायचे, एवढ्या महाग कॉफीची खरंच गरज आहे का यावर नवरा-बायकोत एक लहानशी चकमक, आणि पुढचं विमान. माझी लेक आणि जावई २०१२ पासून दोह्याला आहेत, म्हणून मला विमानतळाच्या काचेपलीकडे जाऊन राहायचा योग आला. २०२४ च्या सप्टेंबरअखेर गेले, ती दिवाळी करून नोव्हेंबरच्या मध्याला परत आले.

उंच इमारती, वाळूच्या डोंगरावरून घसरणाऱ्या जीपगाड्या आणि उंट यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. ते मी इथे पुन्हा सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते तिथे पाहिलेल्या एका साध्या गोष्टीबद्दल. ती म्हणजे चार माणसांनी एकत्र बसून देवाचे आभार मानणं. त्यासाठी कतारला कशाला जायला हवं, असं कुणी विचारील. खरं आहे. पण काही गोष्टी परक्या अंगणात जास्त स्पष्ट दिसतात, त्यातली ही एक.

आधी थोडी माहिती, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कतार हा आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित मोठा देश. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, आणि त्यात कतारी नागरिक दहात जेमतेम एक. बाकी सगळे आपल्यासारखे बाहेरून आलेले. सर्वांत मोठा गट आपल्या भारतीयांचाच, सात-आठ लाखांचा. फरक असा, की इथे अमेरिकेत आपण आज ना उद्या ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व, मग मागच्या अंगणात कढीपत्ता अशा पायऱ्या चढत जातो. तिथे ती शिडीच नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी आहे तोवर घर, शाळा, गाडी. नोकरी संपली की सामान बांधायचं. वीस-वीस वर्षं राहिलेली माणसंसुद्धा ‘सध्या’ दोह्यात असतात. हा ‘सध्या’ शब्द मी त्या सहा-सात आठवड्यांत जितक्यांदा ऐकला, तितका आयुष्यात ऐकला नव्हता.

पाण्याचंही तसंच. वर्षाचा पाऊस सरासरी सत्तर-ऐंशी मिलिमीटर, म्हणजे मुंबईत जुलैतल्या एका दुपारी पडतो तेवढा. नदी नाही, तळं नाही. नळाला येतं ते जवळजवळ सगळं समुद्राचं पाणी, गोडं केलेलं. माझी नऊ वर्षांची नात दात घासताना नळ वाहता ठेवायची, तेव्हा जावई तिला म्हणायचे, “बंद कर गं, समुद्र आटेल.” मला हसू यायचं. पण पाण्याचा पेला तोंडाला लावताना मी तिथे थबकायला शिकले, हे खरं.

लेकीने मला पहिल्याच आठवड्यात राष्ट्रीय संग्रहालय दाखवलं. ही इमारत २०१९ साली उघडली. फ्रेंच वास्तुशिल्पी जाँ नूवेल यांनी ती वाळवंटात क्षार गोठून तयार होणाऱ्या ‘वाळूच्या गुलाबा’च्या आकाराची बांधली आहे. आत गेल्यावर कळतं, की तेल आणि गॅस ही या देशाची अगदी अलीकडची कमाई. दुखान इथे १९४० च्या सुमाराला तेल लागलं, आणि महायुद्धामुळे निर्यात सुरू व्हायला १९४९ उजाडलं. त्याआधी पिढ्यान् पिढ्या इथली माणसं मोत्यांवर जगत. उन्हाळ्याचे तीन-चार महिने पुरुष होड्या घेऊन समुद्रात जात. नाकाला चाप, पायाला दगड, कमरेला जाळीची पिशवी, असे दिवसभर बुड्या मारीत. घरी बायका-मुलं किनाऱ्याकडे डोळे लावून. होड्या परतल्या की गावभर आनंद. माणूस जिवंत परतला हाच पहिला मोती.

आणि हे मोती जात कुठे, तर बहुतेक आपल्या मुंबईला! मोत्यांचा सगळा व्यवहार मुंबईच्या बाजाराशी जोडलेला होता. १९६६ पर्यंत तर कतारात चलनसुद्धा रुपयाच होता. आजही जुन्या कतारी माणसांना मुंबईचं नाव काढलं की डोळ्यांत ओळख दिसते, असं जावई सांगतात.

त्याच संग्रहालयात मोत्यांच्या दालनात एक गालिचा आहे, त्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. ‘बडोद्याचा मोत्यांचा गालिचा’. होय, आपलं बडोदं! खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमाराला तो करवून घेतला. साधारण पावणेनऊ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर पंधरा ते वीस लाख बारीक मोती, त्यात हिरे, माणकं, पाचू, नीलम. हे मोती याच आखातातले. महाराजांनी तो मदिनेला, पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी बनवून घेतला होता, असं सांगतात. एका मराठा राजाच्या मनात दुसऱ्या धर्माच्या पवित्र स्थानी एवढं मोलाचं काही वाहावं असं आलं, हे वाचून मला भरून आलं.

पण तो गालिचा मदिनेला पोचलाच नाही. १८७० मध्ये खंडेराव वारले. गालिचा बडोद्याच्या खजिन्यात राहिला, दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात मिरवला, पुढे महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला, तिजोऱ्यांत राहिला, आणि २००९ साली दोह्यातच लिलावात चोपन्न लाख डॉलरच्या पुढे विकला गेला. आता काचेआड आहे. मोती जिथून निघाले त्याच समुद्राकाठी परत आले, पण ज्याच्यासाठी ओवले होते त्या दारी गेले नाहीत. माझी लेक म्हणाली, “आई, किती सुंदर आहे ना?” मी हो म्हटलं. पण मला मनातून त्या गालिच्याची कीव आली. एवढी दौलत, आणि द्यायचं ते द्यायचं राहूनच गेलं.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते.

लेकीच्या शेजारी एक कुटुंब राहात होतं, भाईंदरजवळच्या उत्तनचं. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई-उत्तन पट्ट्यातले मराठी बोलणारे कॅथलिक ख्रिस्ती. आपल्यातल्या पुष्कळांना हे नाव कोड्यात टाकतं. ही मूळ उत्तर कोकणातलीच माणसं. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. बोली खास आगरी-कोळी वळणाची, गोड. पहिल्याच दिवशी शेजारीण दार ठोठावून आली आणि म्हणाली, “काकू, तुमी आलाव, आता आमाला पन आई आली.” लगेच ओळख झाली.

ऑक्टोबरचा पहिला रविवार हा त्यांचा ‘आगेऱ्या’चा सण. भाताचं पीक तयार झालं की नव्या लोंब्या वाजत-गाजत देवळात न्यायच्या, धर्मगुरूंकडून आशीर्वाद घ्यायचा, आणि नव्या तांदळाचं गोडधोड करून वाटायचं. आपण कोकणात दाराला ‘नवं’ बांधतो, कोजागरीला नवान्न पौर्णिमा म्हणतो, तोच भाव. शेताने दिलं, ते आधी देवाला दाखवायचं, मग आपण खायचं.

कतारात रविवार हा कामाचा दिवस. सुट्टी शुक्रवार-शनिवार. त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती मंडळींचा रविवार शुक्रवारीच येतो! शेजाऱ्यांनी मला विचारलं, “येता का आमच्याबरोबर?” शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला मी, लेक आणि नात त्यांच्या गाडीतून मेसाइमीरला गेलो. दोह्याच्या दक्षिण कडेला हे मोठं आवार आहे. तेव्हाचे अमीर शेख हमद बिन खलिफा यांनी ही जागा चर्चसाठी दिली. वेशीवर पहारा, पिशव्यांची तपासणी. इमारतींवर बाहेरून क्रूस नाही, घंटाघर नाही. आत मात्र एक अख्खं गाव! अँग्लिकन, कॉप्टिक, ग्रीक, शिवाय केरळच्या वेगवेगळ्या पंथांची प्रार्थनास्थळं. सगळ्यांत मोठं आहे ते ‘अवर लेडी ऑफ द रोझरी’ हे कॅथलिक चर्च.

शेजारचे दादा गाडी लावता लावता सांगत होते. ते २००७ साली दोह्याला आले, तेव्हा हे काही नव्हतं. प्रार्थना घरांतून, मिळेल त्या जागी, गाजावाजा न करता व्हायची. मार्च २००८ मध्ये हे चर्च उघडलं. ते पवित्र करायला रोमहून कार्डिनल आले ते आपले आयव्हन डायस, वांद्र्याचे, दहा वर्षं मुंबईचे आर्चबिशप राहिलेले. “काकू, त्या दिवशी माणसं रडत होती. फिलिपिनो, मल्याळी, गोवेकर, आमी, सगळी. छप्पर मिळालं म्हणून नाय. एकमेकांची तोंडं एकाच वेळी पयल्यांदा दिसली म्हणून.”

मी त्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. हजारो माणसं. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक मिस्सा, इंग्रजीत, अरबीत, टागालोगमध्ये, मलयाळममध्ये, तमिळमध्ये, कोकणीत. एक गर्दी बाहेर पडते तोवर दुसरी दारात. कामगार-छावण्यांतून बसने आलेली तरुण पोरं, इस्त्रीचा एकच चांगला शर्ट घातलेली. परिचारिका रात्रपाळी करून थेट आलेल्या. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका, ज्यांची स्वतःची मुलं मनिलात किंवा मंगळुरात. सगळ्यांनाच काही सुट्टी मिळत नाही, हेही शेजारणीने हळूच सांगितलं. जी आली होती ती गुडघ्यांवर बसून काय म्हणत होती मला कळत नव्हतं. पण मागणं कुठलं आणि आभार कुठले, हे चेहऱ्यावरून कळतं हो. मागणाऱ्याची मान थोडी पुढे असते, आभार मानणाऱ्याचे खांदे सैल होतात.

माझे यजमान गेल्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून माझी देवपूजा चालू होती, एक दिवस खंड नव्हता. पण ती चालू होती, जशी घरातली घड्याळं चालू असतात. त्या बाकावर, दुसऱ्याच देवळात, न समजणाऱ्या भाषेत, माझे हात आपोआप जुळले आणि मी मनात म्हटलं, “बेचाळीस वर्षं दिलीस रे बाबा सोबत.” इतके दिवस मी फक्त ‘का नेलंस’ एवढंच विचारत होते.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी जेवण होतं. पंचवीस-तीस माणसं, दोन खोल्यांत. उत्तन-गोराईची चार घरं, एक पुण्याचं जोडपं, वरच्या मजल्यावरचं केरळी मुस्लिम कुटुंब, आम्ही. बाटली-मसाल्याची कोंबडी, गरम फुगे, आमच्यासाठी वेगळी डाळ आणि भाजी. आणि मधोमध मोठ्या पातेल्यात नारळाच्या दुधातली तांदळाची खीर. मी विचारलं, “नवे तांदूळ कुठले आणलेस गं?” ती खळखळून हसली. “लुलूचे! पाच किलोचं पोतं. ह्या गावात आमचं शेत तेच.”

खीर वाढायच्या आधी त्या घरची एक पद्धत. प्रत्येकाने वर्षातल्या एका गोष्टीबद्दल मोठ्याने आभार मानायचे. मुलांपासून सुरुवात. माझी नात म्हणाली, “आजी आली आणि शाळेतला एसी दुरुस्त झाला.” सगळे हसले. केरळच्या ताईंनी भावाला नोकरी लागल्याचं सांगितलं. पुण्याच्या मुलीला बोलता येईना. तिचं बाळ मुदतीआधी जन्मलेलं आणि आता मांडीवर झोपलेलं. ती नुसती बाळाकडे बघत राहिली. तेवढं पुरलं.

मग दादा उभे राहिले. तोवर मला ठाऊक नव्हतं ते तेव्हा कळलं. त्यांचं काम डिसेंबरअखेर संपणार होतं. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी जे प्रचंड बांधकाम निघालं होतं ते उरकल्यावर पुष्कळांची कामं एकेक करून संपत गेली, त्यात आता त्यांची पाळी आली होती. सतरा वर्षांनी घर आवरायचं. मुलगी बारावीत. वय बावन्न. उत्तनला जाऊन काय करायचं ते ठरलेलं नाही. खोलीत सगळ्यांना हे माहीत होतं, आणि म्हणूनच सगळे गप्प झाले.

दादा म्हणाले, “देवा, आमी इथं सतरा वर्सं रायलो. काय काय मिळालं ते मोजून सांगतो, म्हंजे माझी मलाच आठवन राहील.” आणि त्यांनी खरंच मोजलं. गावच्या घराचा स्लॅब. आईचं डोळ्यांचं ऑपरेशन. थोरल्याचं इंजिनीयरिंग. २०१७ च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी वाटा बंद केल्या, सौदीची एकमेव जमिनीवरची सीमा मिटली, दुकानातलं दूध संपलं, रमजानचा महिना होता, तेव्हा वरच्या केरळी घरातून रोज संध्याकाळी आलेला इफ्तारचा डबा. २०२० मध्ये मशिदी आणि चर्च दोन्ही बंद होती, तेव्हा गच्चीवर लांब-लांब उभं राहून म्हटलेली रोझरी, आणि माझ्या लेकीने दाराबाहेर ठेवलेले मोदक. अशा अकरा गोष्टी झाल्या. बाराव्या वेळी ते म्हणाले, “आनि ही मानसं.” आणि बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारणीने डोळे पुसले आणि डाव उचलला. “चला, खीर थंड होते.” मग जो काय गोंधळ, हशा आणि गाणी सुरू झाली, ती रात्री साडेअकरापर्यंत! दादांनी ढोलकी घेतली, माझ्या जावयांनी लाजत लाजत कोळीगीतावर पाय धरला. निघून जाणाऱ्या माणसाच्या घरी असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. दुःख होतंच, ते कुणी लपवलं नाही. पण मोजून सांगितल्यामुळे त्याच्याशेजारी दुसरंही काही बसलं होतं.

नंतर माझ्या लक्षात येत गेलं, की त्या देशाला ही सवय सगळीकडूनच आहे. पाऊस लांबला तर हिवाळ्याच्या तोंडाला अमीर सगळ्या जनतेला पावसासाठी प्रार्थनेचं आवाहन करतात आणि स्वतः उघड्या मैदानात नमाजाला उभे राहतात. या नमाजात अंगावरचं वस्त्र उलटं करायची रीत आहे, म्हणजे देवा, आमची स्थिती पालटू दे. एवढं तेल-गॅस असलेला राजा हात पसरून पाणी मागतो! आपल्याकडे धोंडी मागत फिरणारी पोरं मला आठवली. आणि पाऊस आलाच, तर तिथे माणसं गाड्या थांबवून बाहेर येतात आणि तोंड वर करून उभी राहतात, असं लेक सांगते.

कोजागरीला आम्ही गच्चीवर जमलो. तिथे सार्वजनिक मंदिर नाही. महाराष्ट्र मंडळ आहे, सण आहेत, पण रोजचा देव घराघरांतच. म्हणून घरंच मोठी होतात. दमट हवेत, कुलरच्या घरघरीत, केशराचं दूध. मी शेजारणीच्या घरची पद्धत तिथे चालवली. नव्या लग्न झालेल्या एका मुलाने सांगितलं, की इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम ही आपल्या वकिलातीच्या छत्राखालची संस्था अडलेल्या कामगारांना मदत करते, परदेशात वारलेल्यांना घरी पोचवते. तिथे शुक्रवारी दोन तास काम करायचं त्याने ठरवलं होतं. “आभार कुठे मानायचे कळत नव्हतं, म्हणून,” तो म्हणाला. आभाराला पाय फुटतात, ते असे.

दिवाळीत, १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन योगायोगाने शुक्रवारीच आलं. पहिली करंजी शेजारी गेली. त्यांच्या घरात खोकी भरायला सुरुवात झाली होती. एका खोक्यावर दादांनी मराठीत लिहिलं होतं, ‘खिरीचं पातेलं’.

आता माझं थोडं, आणि संपवते. इथे परतले आणि दोन आठवड्यांत थँक्सगिव्हिंग आलं. इतकी वर्षं आपण त्या गुरुवारी चार दिवसांची सुट्टी, सेल आणि पत्ते एवढ्यावर भागवतो. या खेपेस माझ्या मुलाकडे जमलेल्या आठ घरांपुढे मी तांदळाची खीर ठेवली आणि म्हटलं, खायच्या आधी एकेकाने एक गोष्ट सांगायची. तरुण मंडळींनी डोळे फिरवले. सुरुवात अवघड गेली. पण तिसऱ्या माणसानंतर कुणालाच थांबवता येईना. दोन भाऊ, जे दीड वर्ष एकमेकांशी जेमतेम बोलत होते, त्यातल्या धाकट्याने थोरल्याने भरलेल्या त्याच्या पहिल्या सेमिस्टरच्या फीची आठवण काढली. ते पुढे काय बोलले मला ठाऊक नाही, पण भांडी दोघांनी मिळून घासली.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादा मोत्यांचा गालिचा असतो. कुणाला तरी, देवाला, गुरूला, थोरल्या वहिनीला द्यायचे म्हणून राखून ठेवलेले आभार. अजून थोडे मोती ओवू, मग देऊ, असं करता करता वर्षं जातात. तेव्हा मंडळींनो, पुढच्या कोजागरीला मंडळात मसाला दुधाचे पेले भरायच्या आधी दहा मिनिटं यासाठी ठेवाल का? खर्च काही नाही. तांदूळ कुठलेही चालतात.